शेळके मास्तरांचा चेहरा

परवा इथे हैदराबादेत, विद्यानगरच्या बागेच्या फाटकात एक गृहस्थ उभे होते आणि त्यांचा मुलगा त्यांच्यावर खेकसत होता. "चला ना डॅडी! आत्तापर्यंत तर बराबर चालत होता! आता काय झालं?" गृहस्थांचा चेहरा कोरा, नजर खाली, आणि पाय फाटकाच्या लोखंडी पट्टीपाशी जागच्या जागी थिजलेले. मागे माणसांची रांग लागली. मी तिथेच बाकावर बसले होते. माझी ऐंशी केव्हाच उलटली, गुडघे गेलेत, पण तोंड अजून शाबूत आहे.

"अरे बाबा, ओरडू नको त्यांच्यावर. टाळी वाजव."

"जी?"

"टाळी, टाळी. ठेक्यात. एक-दोन-तीन-चार."

म्हातारीचं डोकं फिरलंय असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, पण त्यानं टाळी वाजवली. चौथ्या टाळीला गृहस्थांचा पाय उचलला गेला आणि ते फाटकाबाहेर पडले. पोरगा बघतच राहिला. "आंटी, आप डॉक्टर हैं क्या?"

कसली डॉक्टर! मी मराठीची मास्तरीण. पण हे मला कुणी शिकवलं ते त्याला तिथं उभ्या उभ्या कसं सांगणार? शेळके मास्तर दोन वाक्यांत सांगण्यासारखे नव्हते.

किशनराव शेळके आमच्या नारायणगुड्याच्या मुलींच्या मराठी शाळेत कवायतीचे मास्तर होते. मूळचे परभणीकडचे, शेतकऱ्याघरचे. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली असावी. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी, आणि खडू घासून घासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. आवाज असा की मैदानातून "होशियार!" म्हणाले की वरच्या मजल्यावर माझ्या वर्गातल्या मुली ताठ बसायच्या. निजामाच्या काळात कवायत शिकलेला माणूस, त्यामुळे हुकूम निम्मे उर्दू, निम्मे मराठी. पण लेझीम मात्र अस्सल मराठी. तिथे त्यांना कुणाची भेसळ चालत नसे. भेसळ म्हणावी तर एकच. हलगी वाजवायला शाळेत कुणी नव्हतं, म्हणून आमचा शिपाई सायलू त्याचा तेलुगू डप्पू वाजवायचा. दिसायला ती आपली हलगीच. सायलूच्या डप्पूवर शंभरेक मुलींच्या लेझमा एकदम छणकल्या की रस्त्यावरचे टांगे थांबत.

आणि त्यात एखादीचा पाय मागेपुढे झाला, की डोळे मिटून उभे असलेले मास्तर ओरडायचे, "ताल चुकतोय!" डोळे मिटून! कुणाचा चुकतोय तेही सांगायचे. "तिसऱ्या रांगेतली शकुंतला, झोपलीस का?"

ते माणसंही चालीवरून ओळखायचे. मला म्हणायचे, "बाई, तोंडाचं काय, तोंड खोटं बोलतं. माणसाची चाल बघावी." तपासनीस साहेब फाटकातून आत आले की हे लांबूनच सांगायचे, आज साहेब घरी भांडून आलेत. आणि ते खरं निघायचं हो!

त्यांचं हसणं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मास्तर हसले की मांडीवर थाप मारायचे, मग शेजारच्याच्या मांडीवर, मग डोळ्यांतून पाणी. शेजारी बहुतेक वेळा दत्तोपंत असायचे. दत्तोपंत कुलकर्णी गणित शिकवायचे. किडकिडीत, तिरसट, बारा महिने हातात छत्री. दोघं परभणीच्या एकाच बोर्डिंगात वाढलेले, म्हणून अरे-तुरेचे. राहायला दोघं गौलीगुड्यात, एका गल्लीत. सकाळी जोडीनं यायचे, संध्याकाळी जोडीनं जायचे, वाटेत इराण्याकडे एक चहा दोघांत. दत्तोपंतांना लेझमीचा तिटकारा. "काय तो धांगडधिंगा, माझ्या अपूर्णांकांची वाट लागते," म्हणायचे. त्यांच्यापाशी विनोद एकच होता, आणि तो आम्ही सगळ्यांनी ढीगभर वेळा ऐकलेला. त्यांच्या गावचा आबा पहिल्यांदा हैदराबादला आला, चारमिनारपुढे उभा राहिला, त्याचे वर गेलेले चार मिनार बघितले आणि म्हणाला, "एवढी मोठी बाज केली आन् मेल्यांनी पालथीच ठिवली!"

बाकीचे कसनुसे हसायचे. मास्तर मात्र दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे कोसळायचे. दत्तोपंत बहुधा त्यांच्यासाठीच सांगत असावेत.

सुरुवात कशी झाली म्हणाल, तर हसण्यावारीच झाली. संचलन चाललं होतं आणि मास्तर मुलींवर ओरडत होते, "हात हलवा, हात! लाकडं आहेत का?" तर पुढच्या रांगेतली एक आगाऊ पोरगी म्हणाली, "सर, तुमचा डावा हात कुठं हलतोय?" सगळा वर्ग गार. मास्तरांनी चार पावलं चालून बघितलं. उजवा हात झोकात जात होता आणि डावा अंगाला चिकटून. "अरे, खरंच की! काय रे, तू सुट्टीवर का?" म्हणून त्यांनी स्वतःच्याच हाताला एक चापट मारली. खूप हसलो आम्ही.

मग तो हात थरथरायला लागला. तोही काम करताना नव्हे. नुसतं बसलं की अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरायचं, अगदी माळेचे मणी ओढावेत तसं. गौलीगुड्यातल्या बायकांनी ठरवूनच टाकलं की मास्तर जपाला लागले. गयावहिनी, म्हणजे त्यांची बायको, भोळी बाई. तिनं तुळशीची माळ आणून त्यांच्या हातात दिली. बोटांखाली मणी सुरेख सरकायला लागले आणि ही बापडी खूश! मला कौतुकानं म्हणाली, "बाई, आमच्या मालकाला आता देव आठवायला लागला. झोपंत तेवढं थांबतंय बगा, जागं झाले की चालू." आता आठवलं की मला तिच्यावर नाही, आम्हा शिकलेल्यांवर राग येतो. आम्हीसुद्धा मान डोलावली होती.

पुढे आवाज बसत गेला. "होशियार" मागच्या रांगेला ऐकू जाईना, मग सायलू त्यांच्या मागे उभा राहून "होशियार!" म्हणून पुन्हा ओरडायचा. पाय घासत, लहान लहान पावलं टाकत चालायला लागले. कधी सुरू झाले की पुढे झुकून असे भरभर सुटायचे की समोरच्या भिंतीलाच थांबायचे. शाळेत कुजबुज सुरू झाली की मास्तर शिंदी पितात. मुख्याध्यापकांनी तर त्यांना खोलीत बोलावून, काहीतरी निमित्त काढून, तोंडाजवळ तोंड नेऊन वास घेतला. मास्तरांच्या ते लक्षात आलं. बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "बाई, वास तर मलाच कशाचा येईना झालाय. साहेबांना काय येणार?"

मी हसले. तेव्हा कुठं माहीत होतं की वास जाणं हाही त्याच दुखण्याचा भाग.

आणि चेहरा. तो कधी गेला हे कुणालाच सांगता येणार नाही. एक दिवस नवे तपासनीस आले, दत्तोपंतांनी पालथ्या बाजेचा विनोद सांगितला, सांगून सवयीनं मास्तरांकडे वळले, आणि मास्तर कोऱ्या चेहऱ्यानं समोर बघत बसले होते. पापणी लवली नाही. दत्तोपंत कानकोंडे झाले. घरी जाताना त्या दिवशी ते एकटेच गेले.

त्याच सुमाराला, छप्पन्न साली, हैदराबाद राज्य फुटलं. माझ्या एका आयुष्यात हैदराबादेत बसून मी दोनदा राज्य फुटताना बघितलं, पण आमचं घर रिकामं केलं ते पहिल्यानं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि त्या जिल्ह्यांच्या नोकरदारांची नावं एकेक करून तिकडच्या बदलीच्या यादीत निघू लागली. आज या गल्लीतलं बिऱ्हाड, उद्या त्या गल्लीतलं. वर्गावर्गांत बाकं रिकामी पडायला लागली. मास्तरांनी आणि दत्तोपंतांनी, दोघांनीही तिकडे जायचं म्हणून सांगितलं होतं. दत्तोपंतांचं नाव आलं. मास्तरांचं आलं नाही. झालं! शाळेला कारण सापडलं. मास्तरांच्या पोटात दुखतंय म्हणून तोंड असं झालंय. दत्तोपंतांनाही ते पटलं, कारण मनाला लागलेल्या माणसाला काहीही पटतं.

एक मात्र होतं. निरोपाची लेझीम मास्तरांनीच सुरू केली होती. शाळेतलं कुणीही मराठवाड्याला निघालं की शाळेपासून काचीगुडा स्टेशनापर्यंत लेझीम न्यायची. "जाणारा माणूस चोरासारखा मुकाट जाऊ नये," म्हणायचे. आणि गंमत बघा, एरवी वर्गाच्या उंबऱ्यात पाय अडकून उभा राहणारा हा माणूस सायलूचा डप्पू वाजला की पुढे निघायचा! ताठ, पावलं मोजून, सगळ्यांच्या पुढे. लोकांनी त्याचाही अर्थ लावला. "बघितलं? लेझीम असली की पाय चालतात. शाळेच्या कामालाच तेवढे दुखतात. ढोंग आहे सगळं."

दत्तोपंत निघाले त्या दिवशी मास्तर सकाळपासून बूट पांढरे करत बसले होते. थरथरत्या हातानं खडू मोडायचा, की दुसरा घ्यायचा. लेझीम निघाली. दत्तोपंत टांग्यात बसलेले, मांडीवर छत्री, आणि पुढे मास्तर. काचीगुड्यापर्यंत एक पाऊल चुकलं नाही. मला वाटलं, चला, आता स्टेशनावर दोघं गळ्यात पडतील आणि हा तिढा सुटेल.

स्टेशनाच्या फाटकावरच्या माणसानं सायलूला अडवलं. "बाजा अंदर नक्को. यहींच रख दो."

डप्पू थांबला. आणि मास्तर तिथेच थांबले, बरोबर फाटकाच्या पट्टीवर.

दत्तोपंतांचा डबा समोरच होता, दहा-बारा पावलांवर. सामान चढलं, बायकामुलं चढली. दत्तोपंत दारात उभे राहून वाट बघायला लागले. मास्तरांच्या हातात हार होता. ते तिथूनच दत्तोपंतांकडे बघत होते, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. दुःख नाही, ओळख नाही. मी म्हटलं, "मास्तर, चला ना, गाडी सुटेल." ओठ हलले, पण गर्दीत ऐकू आलं नाही. मागून लोक ढकलायला लागले, "हटो मियाँ, बीच में कायको ठैरे?" मी दंडाला धरून ओढलं, तर पाय जागचे हलेनात आणि ते पुढे पडायच्या बेतात आले. घाबरून सोडून दिलं. त्यांच्या हातातला हार घेऊन आपणच धावावं हेही मला सुचलं नाही.

शिट्टी झाली. दत्तोपंत शेवटपर्यंत बघत होते. गाडी हलली तसं त्यांनी तोंड फिरवलं आणि आत गेले.

गाडी गेल्यावर सायलू फाटकाबाहेरून म्हणाला, "साब, बजाऊं क्या?" आणि त्यानं उगीच दोन थापा मारल्या. मास्तर चालायला लागले. रिकाम्या फलाटावर, हातात हार घेऊन, जिथे डबा होता तिथपर्यंत गेले. मला तेव्हाच समजायला हवं होतं. कुणाला तरी समजायला हवं होतं. पण काही कळलं नाही.

त्यानंतर वहिनींनी माझ्यामागे लकडा लावला आणि आम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. म्हातारे डॉक्टर होते, दखनीत बोलायचे. त्यांनी मनगट धरून हात वाकवून बघितला, कागदावर नाव लिहायला लावलं. "किशनराव" ठसठशीत सुरू झालं आणि "शेळके" संपेपर्यंत अक्षरं मुंगीएवढी झाली. मग डॉक्टरांनी खडूनं फरशीवर आडव्या रेघा मारल्या आणि म्हणाले, चलो. मास्तर रेघेवर रेघ ओलांडत सरळ चालत गेले. रेघा संपल्या तिथे अडकले.

"रअशा है," डॉक्टर म्हणाले. आपण ज्याला कंपवात म्हणतो तो. मला म्हणाले, "देखो अम्मा, दिमाग से हुकुम निकलरा, पाँवां तक पोंचरा नई. बाहर से ताल मिली, लकीर दिखी, तो दूसरे रास्ते से पोंच जाता. ढोंग नई है ये."

वहिनींनी विचारलं, औषध? "गोलियां देरौं. हात का कांपना थोडा कम हुआ तो हुआ." पुढे त्यांनी नुसते तळहात वर केले. तेव्हा खरंच काही नव्हतं हो. आज बऱ्या गोळ्या निघाल्यात म्हणतात, रोग तरीही जात नाहीच.

मग मास्तर काहीतरी पुटपुटले. मी कान नेला. त्यांनी पायांचं विचारलं नाही, नोकरीचं नाही, किती दिवस जगेन तेही नाही.

"चेहऱ्याचं विचारा."

मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "चेहरा भी वैसाच. अंदर से इनो हसते भी, रोते भी. चेहरा साथ नई देरा."

मास्तरांनी मान हलवली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर आल्यावर वहिनींच्या पदराला धरून म्हणाले, "दत्तूला हे कळायला पायजे."

त्यांना एवढंच हवं होतं. कवायत गेली, शाळा सुटली, घास हातानं तोंडात जाईना, कुशीवर वळायचं तर वहिनींनी वळवायचं, आणि हा माणूस एकच धरून बसलेला की दत्तूला कळायला पाहिजे. मी दत्तोपंतांना सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. रागावलेला माणूस पत्रातलं खरं मानत नाही. मी गेले की मास्तर डोळ्यांनीच विचारायचे आणि मी नाही म्हणून मान हलवायची. एवढा धडधाकट माझा जीव, पण दुसऱ्याच्या मनातली अढी काही मला काढता येईना.

सव्वा-दीड वर्षानं दत्तोपंत हैदराबादला आले, कचेरीतल्या कसल्याशा कामासाठी. शाळेतही डोकावले. मी विषय काढला तर म्हणाले, "वाचलं तुमचं पत्र. चेहऱ्याचा रोग! असला कुठं रोग असतो का, सुमनबाई? तुम्ही चांगल्या आहात, म्हणून झाकून घेता."

मी चिडले. म्हटलं, "पंत, गणित शिकवता ना? मग ताळा करून बघा. चला." आणि रिक्षात घालून गौलीगुड्यात घेऊन गेले.

मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत होते. वाळून गेले होते, लाळ पुसायला वहिनींनी खांद्यावर पंचा ठेवलेला. दत्तोपंत दारात थबकले. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. तोच चेहरा. दत्तोपंत समोर बसले, छत्री दोन्ही हातांनी धरून. मग काय वाटलं कुणास ठाऊक, घसा खाकरून म्हणाले,

"किशन, आमचा आबा पहिल्यांदा हैदराबादला आला..."

मास्तरांचा डावा हात मांडीवर होता. तो एरवीपेक्षा जोरात थरथरायला लागला. आबा चारमिनारपाशी पोचला तसा तो कोपरापर्यंत हलायला लागला, पालथी बाज आली तेव्हा खुर्ची खडखडत होती. चेहरा मात्र भिंत.

दत्तोपंत घाबरले. "वहिनी, हे काय होतंय ह्याला?"

वहिनी सहज म्हणाल्या, "हासायलेत ते, भावजी. लई हासायलेत."

दत्तोपंतांनी छत्री खाली टाकली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. मग ते रडले. मास्तरांच्याही डोळ्यांतून पाणी आलं, नुसतं पाणी, चेहरा न हलता. काय बोलले दोघं ते मला ऐकू आलं नाही. मला वाटतं दत्तोपंत एवढंच विचारत होते, "त्या दिवशी पण? फाटकात पण?"

संध्याकाळी ते निघाले. मास्तरांना दत्तूला पोचवायला बाहेर यायचं होतं. दोघींनी धरून उभं केलं, उंबऱ्यापर्यंत आले आणि अडकले. मी टाळी वाजवायला हात वर केला, पण त्याआधीच दत्तोपंतांनी छत्रीचं टोक फरशीवर आपटलं. ठक्-ठक्-ठक्-ठक्. जन्मभर लेझमीला नावं ठेवलेला माणूस! आणि ठेका बरोबर, कारण हिशेबाचा पक्का. मास्तरांनी उंबरा ओलांडला, पायऱ्या उतरले, गल्लीत आले. दत्तोपंत रिक्षात बसले, तरी छत्री पायाखालच्या फळीवर आपटत होते. रिक्षा दूर गेली तसा ठेका ऐकू येईना. कोपऱ्यावर त्यांनी रिक्षा थांबवली आणि मागे वळून बघितलं. मास्तर गल्लीच्या मध्यावर उभे. काचीगुड्याला होता तोच कोरा चेहरा. या वेळी दत्तोपंतांनी तोंड फिरवलं नाही. छत्री वर करून हलवली, पुष्कळ वेळ हलवली. मग रिक्षा वळली.

आता मास्तरांना घरात न्यायचं कसं? अंधार पडायला लागला होता. वहिनी आत गेल्या आणि खुंटीवरची लेझीम घेऊन आल्या. त्यांनी ती आयुष्यात कधी हातात धरली नव्हती. गल्लीतली माणसं बघतायत म्हणून डोक्यावर पदर ओढला आणि लाजत, रडत त्या ती छणकवायला लागल्या. छुण... छुण छुण... छुण. मीही टाळ्या पिटत होते. मास्तर हलेनात. आम्ही दोघी रडकुंडीला आलो.

त्यांचे ओठ हलले. वहिनी घाबरून म्हणाल्या, "बाई, काय म्हणायलेत हो? दुखतंय का काई?"

मी कान जवळ नेला. श्वासाएवढा आवाज.

"ताल चुकतोय."

वहिनींना सांगितलं, तर त्यांना हसावं की रडावं कळेना. पदरानं डोळे पुसले, लेझीम नीट धरली, आणि आम्ही दोघी पुन्हा एकपासून मोजायला लागलो.